आधी वजन सांगा

जोहे गावातल्या एका गणपतीच्या कारखान्यात कारागिराने माझ्या हातात आधी शाडूची मूर्ती दिली, मग तेवढ्याच उंचीची प्लास्टरची. पहिली धरताना मनगटं भरून आली, दुसरी एका हातावर राहिली. प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ असते. साच्याला आतून पातळ थर द्यायचा, त्यात नारळाचा काथ्या बसवायचा, वर पुन्हा थर. नुसतं प्लास्टर तडकतं, काथ्या ताण घेतो. ‘‘भरीव केली तर उचलणार कोण?’’ तो म्हणाला.

पातळ कवच आणि आत तंतू. आजच्या विमानांचे कार्बन तंतूंचे पंख याच जातीचे. विमानविद्येचा सगळा इतिहासच मुळात वजनाशी झगडण्याचा आहे. राइट बंधूंचं 1903 चं विमान रिकामं असताना सुमारे 275 किलो भरायचं आणि त्याचं इंजिन होतं जेमतेम 12 अश्वशक्तीचं. तरी ते उडालं, कारण पंख असलेलं विमान पुढे धावतं आणि धावताना पंखांवरून जाणारी हवाच त्याला उचलून धरते. हेलिकॉप्टरला ही सवलत नाही. जागच्या जागी उभं राहायचं तर हवा सतत खाली लोटत राहावी लागते आणि तेवढ्याच वजनासाठी कितीतरी जास्त शक्ती खर्च होते.

हेलिकॉप्टरचं स्वप्न पाहणाऱ्या इगोर सिकोर्स्कीला हे ऐन विशीत कळलं. 1909 मध्ये पॅरिसहून 25 अश्वशक्तीचं इंजिन आणून त्याने कीवमध्ये एकावर एक दोन पंखे लावलेलं हेलिकॉप्टर बांधलं. ते जमीन सोडेना. 1910 चं दुसरं हेलिकॉप्टर स्वतःचं वजन कसंबसं उचलायचं, पण त्यात माणूस बसवायची सोय नव्हती. सिकोर्स्कीने ते बाजूला ठेवलं आणि विमानांकडे वळला. 1913 मध्ये त्याचं चार इंजिनांचं विमान उडालं. पुढे रशियात क्रांती झाली, तो अमेरिकेला गेला, तिथे पाण्यावर उतरणारी विमानं बांधली. हेलिकॉप्टरकडे तो परतला तेव्हा मधे जवळजवळ तीन दशकं गेली होती. एवढ्या काळात इंजिनं हलकी आणि दमदार झाली होती. मला या माणसाचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते या थांबण्याचं.

14 सप्टेंबर 1939 रोजी त्याचं नवं हेलिकॉप्टर, व्हीएस-300, जमिनीवरून उचललं गेलं, तेही दोरांनी बांधलेलं. वर एकच मोठा पंखा, शेपटीला एक छोटा. ड्रिल मशीन भिंतीत अडकलं की पीळ आपल्या मनगटाला बसतो. तसाच वरचा पंखा एका दिशेने फिरवताना हेलिकॉप्टरचं धूड उलट दिशेला गरगरू पाहतं. शेपटीचा पंखा त्याला रोखतो. मे 1940 मध्ये दोर सुटले. आज आपल्या डोक्यावरून जाणारी बहुतेक हेलिकॉप्टरं याच बांधणीची आहेत.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर माणूस न बसवता विमान उडवलं, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्यात पाऱ्यावर चालणारं इंजिन आहे, पंधराशे फुटांची उंची आहे. पण त्या काळातली खात्रीची नोंद कोणी पुढे ठेवलेली नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार या कथेच्या जोडीला दिला जातो, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी 1974 मध्ये तपासलं. ग्रंथ 1904 च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तळपद्यांचा यात अपमान नाही. ऑटो लिलिएंथल जर्मनीत टेकडीवरून ग्लायडर घेऊन झेपावत होता, त्याच काळात मुंबईतला एक मराठी माणूस उडण्याचा ध्यास घेऊन बसला होता, याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच त्यांच्या यंत्राला मी तोच प्रश्न विचारतो, जो सिकोर्स्कीने स्वतःच्या यंत्राला विचारला: वजन किती आणि शक्ती किती? हे दोन आकडे एखाद्या जुन्या वहीत सापडले, तर ती वही पाहायला मी मिळेल त्या गाडीने मुंबई गाठेन. तोवर पहिल्या उड्डाणाच्या रकान्यात मी त्यांचं नाव लिहिणार नाही.