लांब पल्ल्याच्या मोटारसायकलची चेन

मोटारसायकलच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत चेन, पट्टा किंवा शाफ्टमार्फत पोहोचते. बीएमडब्ल्यूने १९२३ च्या आर ३२ मध्ये शाफ्ट वापरला. होंडाच्या गोल्डविंगलाही १९७५ पासून शाफ्टच आहे. त्याची देखभाल कमी, पण तो जड आणि महाग. रॉयल एन्फील्ड हिमालयनसारख्या गाड्यांना चेन असते, आणि प्रवासात रोज लक्ष मागते ती हीच.

आधुनिक चेनच्या सांध्यांत बारीक रबरी कड्या असतात. त्या ग्रीस आत कोंडून ठेवतात, धूळ-पाणी बाहेर. पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने चेन घासली की या कड्याच निकामी होतात. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. गिअर टाकून चालू इंजिनावर चेन पुसण्याची सवय मात्र बोटांवर बेतते. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद करावे, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवावे. मुक्कामी पोहोचल्यावर, चेन कोमट असतानाच आतल्या बाजूने वंगण सोडावे: साधारण दर ५०० किलोमीटरला, घाटातल्या पावसात भिजली तर त्याआधीच.

चेनची ढील खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटांच्या मध्यावर मोजतात. माप गाडीच्या पुस्तिकेत असते. चेन किंचित सैल असलेली परवडते, फार ताणलेली नाही, कारण सामान आणि मागची सवारी बसताच ती आणखी ताणते आणि बेअरिंगवर भार येतो. स्प्रॉकेटचे दात झिजून आकड्यासारखे टोकदार झाले, की चेनसह दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत. जुन्या दातांवर नवी चेन लवकर झिजते.