क्रीडा संकुल कुठे व्हावे? आधी सातबारा आणि पूररेषा पाहा

आपल्याकडे क्रीडा संकुलाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न असतो, निधी किती? जागा मात्र प्रशासन आणि लोकप्रतिनिधी परस्पर ठरवतात. सातारा आणि सांगलीच्या वस्त्यांमध्ये काम करताना आमचे मत असे झाले आहे की तरुणांनी आधी जागेवरच बोलावे.

सांगलीत कृष्णेची धोका पातळी आयर्विन पुलाजवळ 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले, 2021 मध्ये पुन्हा शहरात शिरले. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम नको, पण मैदान, बाग अशा मोकळ्या वापराला वाव असतो. म्हणजे नदीकाठी कबड्डी, खो-खोचे मैदान चालेल. मॅटचा हॉल, व्यायामशाळा आणि वसतिगृह मात्र उंचावरच हवे. पूर आला की सखल भागातली कुटुंबे हलवायला असाच मोठा हॉल लागतो. तोच पाण्यात गेला तर माणसे कुठे नेणार?

गावाकडे प्रश्न वेगळा आहे. तिथे संकुलासाठी पहिली नजर गायरानावर जाते, कारण सातबाऱ्यावर ती सरकारी जमीन दिसते. पण कागदावर मोकळी दिसणारी जमीन प्रत्यक्षात मोकळी असतेच असे नाही. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. पुढे राज्य सरकारने 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण घेतले. तरी अनेक कुटुंबांच्या नावावर जमीन चढलेली नाही. अशा ठिकाणी संकुलाची मोजणी सुरू झाली तर आपल्याच माणसांचे घर उठेल आणि आपलीच मुले त्या मैदानावर खेळतील. खेळाला आमचा विरोध नाही, पण ही अदलाबदल आम्हाला मान्य नाही.

अंतराचेही पाहा. पॅरालिम्पिकमध्ये 2024 ला गोळाफेकीत रौप्य मिळवणारा सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. ऑलिम्पिक तिरंदाज प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडेचा, मजुराच्या घरातला. 2023 ची जगज्जेती अदिती स्वामी साताऱ्यात उसाच्या शेतातल्या मैदानावर घडली. सगळे काही जिल्ह्याच्या गावी बांधले तर माण, जत, आटपाडीच्या मुलीला संध्याकाळी सराव करून शेवटची एसटी मिळेल का?

जागा ठरली म्हणजे काम झाले असेही नाही. 1952 ला हेलसिंकीत पदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांच्या गोळेश्वर या गावी कुस्ती केंद्राची घोषणा झाली. ते रखडल्याने 2017 मध्ये कुटुंबाने पदक लिलावात काढण्याचा इशारा दिला होता.

तेव्हा तुमच्या तालुक्यात विषय निघाला, तर माहिती अधिकारात चार कागद मागा: प्रस्तावित गटाचा सातबारा, मोजणी नकाशा, पूररेषेचा नकाशा आणि संकुल समितीच्या बैठकांचे इतिवृत्त. त्या गटावर कुणी कसत असेल तर त्याच्याकडचे जुने पीकपाहणीचे उतारे आणि दंडाच्या पावत्या आधी जमवा. निवेदन नंतर लिहा.