साथ का ओसरते? गणिताचे उत्तर

अँडरसन मॅकेंड्रिक (१८७६-१९४३) हे स्कॉटलंडचे डॉक्टर; पण नाव झाले ते गणितामुळे. भारतातील सेवेत ते कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक होते. १९२० मध्ये एडिंबरोला परतल्यावर, पुढे प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेल्या विल्यम करमॅक यांच्यासोबत १९२७ मध्ये त्यांनी साथीचे गणित मांडले आणि मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंशी ताडून पाहिले. साथ थांबण्यासाठी सगळ्यांनाच लागण व्हावी लागत नाही. लागण होऊ शकणारे ठरावीक मर्यादेपेक्षा कमी झाले की ती ओसरते. ते आजाराने कमी करायचे की लसीने, हे आपल्या हाती आहे. बाळाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. राहिला असेल तर लगेच द्या.