बिडाला जोड

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एकदम तुटते; तुटण्याआधी ते वाकत नाही. मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारख्या शेतीच्या गावात ते पदोपदी भेटते: कडबाकुट्टीचे चाक, मोटारपंपाचे कव्हर, जुन्या शिलाई मशीनचा सांगाडा, कामाच्या टेबलावरचा व्हाइस. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या नांगरांनी आणि कडबाकुट्ट्यांनी बिडाचे ओतकाम शेतापर्यंत नेले.

बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो, साध्या लोखंडात पाव टक्क्याच्या आसपास. जास्तीचा कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. तुटलेली कड राखाडी आणि दाणेदार दिसते ती त्यामुळे, आणि तडाही या पापुद्र्यांतूनच धावतो. नेहमीच्या वेल्डिंग रॉडने जोडल्यास जोडाशेजारचे बीड झपाट्याने थंड होऊन काचेइतके कडक बनते. मग थंड होतानाच ‘टक्’ आवाज येतो आणि जोडालगत नवी चीर पडते.

म्हणून रॉड निकेलचा घ्यावा. तो महाग असतो, पण त्याचा जोड मऊ राहतो आणि ताण सोसतो. घरच्या छोट्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवरही तो चालतो.

खरे काम रॉड लावण्याआधीचे आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचे भोक पाडल्यास तो पुढे सरकत नाही. ग्राइंडरने तड्यावर ‘व्ही’ आकाराची खाच करावी. बिडात वर्षानुवर्षे मुरलेले तेल धूर थांबेपर्यंत तापवून काढावे. ते राहिले तर जोडात बुडबुडे पडतात.

वेल्डिंग एका वेळी इंचभरच करावे. लगेच हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे आकसण्याचा ताण सैल होतो. भाग हाताला सोसेल इतका निवल्यावरच पुढचा इंच घ्यावा. दुसरी रीत म्हणजे संपूर्ण भाग आधी ५०० ते ६०० अंशांपर्यंत एकसारखा तापवायचा, जोडायचा आणि कोरड्या राखेत किंवा चुन्यात रात्रभर पुरून ठेवायचा. पाणी मात्र मुळीच ओतू नये. पितळी रॉडने ब्रेझिंगही होते. त्यात बीड वितळत नाही, पण जस्ताचा धूर घातक असल्याने काम उघड्यावरच करावे.

व्हाइसचा जबडा किंवा मशीनचा पाय असा जोडून वर्षे काढतो. पाती बसवलेले कडबाकुट्टीचे चाक मात्र जोडू नये. फिरताना ते फुटले तर तुकडे माणसावर येतात. तिथे नवीनच चाक बसवावे.