डोळा सुजलेली कोंबडी : घरचा उपाय कोठवर?

नवा रायपूर हे छत्तीसगडच्या राजधानीसाठी आखून वसविलेले नगर. मंत्रालय २०१२ मध्ये जुन्या रायपूरहून येथे आले. रुंद रस्त्यांच्या आणि शासकीय इमारतींच्या आसपास जुनी गावे मात्र अजून नांदत आहेत, आणि त्या गावांच्या परसांत कोंबड्याही. अशा परसात एखाद्या सकाळी एक कोंबडी खुराड्याबाहेर येत नाही. तिचा एक डोळा मिटलेला असतो आणि गाल लिंबाएवढा फुगलेला. घरात हळद असते, कोणाच्या तरी डोळ्यांत घातलेल्या थेंबांची उरलेली बाटली असते, आणि ब्लेडही असते. नेमका येथेच थोडा विचार हवा.

पक्ष्याच्या डोळ्याच्या खाली व पुढे त्वचेलगत एक पोकळी असते. तिची बाहेरची बाजू हाडाची नसून मऊ आवरणाची असते. त्यामुळे नाकातील संसर्ग आत शिरला की फुगवटा थेट चेहऱ्यावर दिसतो. या पोकळीचे तोंड वरच्या बाजूस असल्याने आतील स्राव सहजी वाहून जात नाही. शिवाय पक्ष्यांचा पू माणसांप्रमाणे पातळ राहत नाही, तो लवकरच पनीरासारखा घट्ट होतो. अशा गोळ्यात औषध फारसे झिरपत नाही आणि तो दाबून बाहेर काढताही येत नाही. सूज मऊ असताना उपचार सुरू झाले तर गुण येण्याची आशा बरी असते. ती कडक झाल्यावर पशुवैद्यकाने बधिर करून गोळा काढणे हाच मार्ग उरतो. घरी ब्लेड चालविल्यास रक्तस्राव होतो आणि डोळाही जाण्याचा धोका असतो.

सूज हे लक्षण आहे, तिच्यामागील रोग निरनिराळे असतात. कोरायझा म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव, चेहऱ्यावर सूज, आणि एक ते तीन दिवसांत शेजारच्या कोंबडीलाही तेच. मायकोप्लाझ्माचा संसर्ग संथ असतो. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस, घरघर, आणि बरी झालेली कोंबडीही रोगवाहक. हा रोग अंड्यातूनही पिलात उतरतो. पावसाळ्यात डास वाढले की देवी येते. पापण्यांवर खपल्या धरून डोळे चिकटतात. त्या खपल्या ओरबाडू नयेत. देवी विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविकाने जात नाही, तिला लसच हवी.

धानाच्या या प्रदेशात आणखी एका कारणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तांदळाची कणी आणि कोंडा एवढ्यावरच पोसलेल्या कोंबडीला अ जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. पापण्यांखाली पांढरट थर साचतो आणि तो संसर्गच वाटतो. शेवग्याचा पाला (येथील मुनगा), हिरव्या पालेभाज्या व पिवळा मका खाद्यात आल्यास हा प्रश्न टळतो. दुसरे कारण खुराड्यातील ओली गादी. विष्ठेतून सुटणारा अमोनिया डोळे जाळतो. सकाळी खुराडे उघडताच कोंबडीच्या उंचीवर खाली बसून पाहावे. आपल्या डोळ्यांना झोंबले तर औषधाच्या आधी तूस बदलावे.

मग घरी करायचे काय? आजारी पक्षी ताबडतोब वेगळा करून उबदार, कोरड्या जागी ठेवावा, आणि त्याची निगा शेवटी, निरोगी पक्ष्यांनंतर करावी. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून स्वच्छ कापसाने डोळा पुसावा. माणसांचे उरलेले थेंब घालू नयेत. त्यांत स्टिरॉइड असल्यास बुबुळावरची जखम चिघळते. टायलोसिन, टेट्रासायक्लिन यांसारखी औषधे पशुवैद्यकाने रोग ओळखूनच द्यावीत. आजारी पक्षी पाणी कमी पितो, म्हणून पाण्यात मिसळलेले औषध त्यालाच अपुरे पडते. टेट्रासायक्लिन चालू असताना शिंपल्यांचा चुरा दिल्यास औषध अंगी लागत नाही. उपचार सुरू असताना आणि पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी व मांस खाऊ वा विकू नये. कोलिस्टिन हे औषध तर अन्न देणाऱ्या पशुपक्ष्यांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्येच बंद केले आहे.

दंतेवाडा व कांकेरकडील कडकनाथ आता पुष्कळांच्या परसात दिसतो. त्याच्याबाबत एक सावधगिरी. त्याचा तुरा व चेहरा मुळातच काळसर असल्याने रंगातील बदल कळत नाही. दोन्ही गालांचा आकार सारखा आहे का, डोळ्यांत फेस आहे का आणि श्वास उघड्या चोचीने चालला आहे का, एवढेच पाहावे लागते.

रंगाचे हे महत्त्व बर्ड फ्लूमुळे आहे. डोके सुजणे, तुरा जांभळा पडणे, अंडी अचानक घटणे आणि एकामागून एक मृत्यू अशी त्याची लक्षणे. राणीखेत म्हणजेच मानमोडी हा रोगही काहीसा असाच दिसतो. भारतात बर्ड फ्लू प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे निश्चित झाला. छत्तीसगडमध्ये २०२१ साली बालोद जिल्ह्यात आणि २०२५ च्या आरंभी रायगढच्या शासकीय कुक्कुटपालन केंद्रात तो आढळला. अशी शंका येताच पक्षी उघडू नये, कापू नये, बाजारात नेऊ नये. पशुसंवर्धन विभागास किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले जातात. येथे एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्यावी. सरकारी भरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. लपविण्यात गेलेला प्रत्येक दिवस पालकालाच महाग पडतो.

२०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय कुक्कुटपालनालाही लागू आहे. तिच्यातील खेळत्या भांडवलात पशुवैद्यकीय खर्च धरता येतो. कर्ज अर्ज भरताना ही रक्कम सोडून देणारे ग्राहक पुष्कळ आहेत. शाखेतील सहकाऱ्यांनी त्यांना ती विचारून घालायला लावावी.

आता मोराविषयी. शेताकडेला उतरणारा मोर कोंबड्यांच्या भांड्यातील दाणापाणी खातो, आणि मायकोप्लाझ्मा कोंबडीकडून त्याला सहज लागतो. डोळा सुजलेला मोर घरी आणून धुण्याची इच्छा स्वाभाविक असली, तरी तो १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा ठरतो. त्याला हात न लावता, कुत्र्यांपासून राखून, वनविभागास बोलवावे. त्याच दिवशी कोंबड्यांची भांडी मोराच्या वाटेवरून उचलून खुराड्यात ठेवावीत.