काचबिंदूचे ऑपरेशन : काय मिळते, काय मिळत नाही

डोळ्याचे ऑपरेशन म्हटले की आमच्या आदिलाबादकडच्या खेड्यांत एकच चित्र डोळ्यांपुढे येते : मोतीबिंदू काढला, पट्टी सुटली आणि आजोबा पुन्हा पोथी वाचू लागले. काचबिंदूच्या रोग्याची पट्टी सुटते तेव्हा मात्र त्याला पूर्वीइतकेच, किंबहुना काही आठवडे थोडे अंधुकच दिसते. मग 'ऑपरेशन फसले' असा बोभाटा होतो. रोगी औषध सोडतो आणि त्याला पाहून शेजारीही दवाखान्यात जाण्याचे टाळतो. हा गैरसमज डोळे घालवणारा आहे.

मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते बदलता येते. काचबिंदूत बिघडते ती डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी शीर. डोळ्यात एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि बारीक चाळणीतून बाहेर पडतो. ही वाट तुंबली की आतला दाब वाढतो व शीर हळूहळू निकामी होते. बहुधा दुखत नाही; प्रथम कडेची नजर जाते, म्हणून लवकर कळतही नाही. निकामी झालेली शीर पुन्हा कामी आणणारा उपाय अद्याप सापडलेला नाही. आम्हा वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर मोतीबिंदूचे ऑपरेशन म्हणजे थकलेले येणे वसूल करणे. काचबिंदूचे ऑपरेशन म्हणजे बुडाले ते सोडून उरलेले भांडवल राखणे.

थेंबांनी किंवा लेसरने दाब पुरेसा उतरला नाही, तर शस्त्रक्रिया करतात. १९६८ साली इंग्लंडमधील डॉ. केर्न्स यांनी मांडलेली 'ट्रॅबेक्युलेक्टॉमी' आजही प्रचलित आहे. वरच्या पापणीआड, बुबुळालगतच्या पांढऱ्या भागात झडपेसारखी लहान वाट करतात. त्यातून द्रव झिरपून वरच्या पातळ पडद्याखाली बारीक फुगवटी येते व तेथून तो शोषला जातो.

रोग्याने व घरच्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. मनाने बंद करू नयेत.

२. पहिले काही आठवडे वारंवार तपासणीस जावे लागते. जखम अति भरून वाट बुजू नये, हे पाहणे ऑपरेशनइतकेच महत्त्वाचे असते. पेरणी-कापणीच्या दिवसांतही ही खेप चुकवू नये.

३. डोळा चोळू नये, त्यात पाणी वा धूळ जाऊ देऊ नये. पोते उचलणे, खाली वाकून करायची कामे डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

४. डोळा लाल झाला, दुखू लागला, चिपडे आली किंवा नजर एकाएकी मंदावली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ऑपरेशनला कितीही वर्षे झालेली असोत.

५. काही वर्षांनी दाब पुन्हा वाढू शकतो. म्हणून तपासणी जन्मभराची.

आमच्या भागात सोय मुळीच नाही असेही नाही. मुधोळ येथे (कर्नाटकातील नव्हे, आमचे मुधोळ २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गेले) हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९६ साली ग्रामीण नेत्रकेंद्र उघडले. १९९६ ते २००० या काळात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात नेत्रविकारांची जी मोठी पाहणी झाली, तीत आदिलाबाद जिल्ह्यातील खेडीही होती. काचबिंदू आढळलेल्यांपैकी बहुतेकांना आपल्याला हा रोग आहे याची कल्पनाच नव्हती.

हा रोग रक्ताच्या नात्यात आढळतो. तेव्हा घरात एकाला काचबिंदू निघाला, तर भावंडांनी व मुलांनीही डोळे तपासून घ्यावेत. भांडवल शिल्लक आहे तोवरच ते राखता येते.