‘सिन्स टेन इयर्स’ आणि इंग्रजीतला ‘आहे’

दोह्यात नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला : इथे किती वर्षं? आपलं उत्तरही ठरलेलं : ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स.’ समोरचा मल्याळी असो की इजिप्शियन, त्याला काही खटकत नाही. ‘दहा वर्षांपासून राहतो’ हे अरबीतही वर्तमानकाळातच सांगतात, रशियनमध्येही. अडखळतो तो फक्त इंग्रज. त्याला हवं असतं ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स.’ (‘सिन्स’पुढे सुरुवात येते, ‘फॉर’पुढे कालावधी, आपलं ‘पासून’ दोन्ही कामं करतं.)

शाळेत आपण याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणत होतो. ‘हॅव’ म्हणजे ‘आहे’ : मी जेवलो आहे. इथवर सोपं. पण ‘मी कालच आलोय’ मराठीत बिनदिक्कत चालतं आणि ‘आय हॅव कम यस्टर्डे’ इंग्रजीत चालत नाही. असं का?

हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली काळांची फोड तीन क्षणांत केली : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि तिसरा, जिथे उभं राहून आपण घटनेकडे पाहतो तो. साध्या भूतकाळात पाहणारा घटनेपाशी जाऊन उभा राहतो. पूर्ण वर्तमानकाळात घटना मागे घडलेली असते, पण पाहणारा आत्ता, इथेच असतो. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ म्हटलं की पाहणाराच कालच्या दिवसात ओढला जातो आणि ‘हॅव’शी त्याचं जमत नाही. मराठीतला ‘काल’ नुसत्या घटनेला चिकटतो.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. कॅनडाला पाठवायच्या बायोडेटात ‘आय वर्क्ड इन कतार फॉर टेन इयर्स’ लिहिलंत, तर वाचणारा समजेल की तुम्ही कतार सोडलंय.

आता समजा, रास लाफानच्या एखाद्या प्लांटमध्ये शिफ्ट बदलतेय. ‘आय क्लोज्ड द व्हॉल्व्ह’ म्हणजे मी तो बंद केला. आत्ता काय स्थिती आहे, ते वाक्य सांगत नाही. ‘आय हॅव क्लोज्ड’ म्हणजे बंद आहे. आणि ‘आय हॅड क्लोज्ड’ म्हणालात तर इंग्रज थांबून राहील : मग पुढे काय झालं, कुणी उघडला का? आपण मात्र ‘केला होता’च्या सवयीने ‘हॅड’ सढळ हाताने वापरतो. ‘आय हॅड सेंट द मेल यस्टर्डे’ हे तर आपल्या ऑफिसांचं राष्ट्रगीतच!

रशियन माणसाची अडचण वेगळी. त्याच्याकडे ‘हॅव’सारखं काही नाहीच, भूतकाळ एकच, पण क्रियापदांच्या जोड्या आहेत. ‘झाक्रील’ म्हटलं की सहसा बंद केला आणि तो बंदच आहे. ‘झाक्रिवाल’ म्हटलं तर बंद केला होता, पण कदाचित पुन्हा उघडलाही असेल. म्हणजे आपल्या ‘केलाय’ आणि ‘केला होता’च्या बरंच जवळ. इंग्रजीत बोलताना दोन्हींचं ‘क्लोज्ड’ होऊन जातं आणि नेमका तोच फरक गळतो.

त्यात अमेरिकन सहकारी ‘आय ऑलरेडी क्लोज्ड इट’ म्हणतो आणि त्याच्या इंग्रजीत ते बरोबरही असतं. म्हणून हँडओव्हरच्या वहीत काळाच्या भरवशावर राहू नका. सरळ लिहा : ‘द व्हॉल्व्ह इज क्लोज्ड’, आणि पुढे वेळ.